काट्यावरचे पुल्लीवारभाऊ

देवळातला प्रसादाचा पेढा हातावर ठेवला, की पुल्लीवारभाऊ तो तोंडात टाकत नसत. आधी तळहात दोन-तीनदा वर-खाली करून त्याचं वजन घेत. मग पेढा मधोमध तोडत, दोन्ही तुकड्यांच्या आत डोकावून पाहत, आणि आतही पेढाच आहे अशी खात्री पटली तरी कपाळावरची आठी तशीच ठेवून खात. "वरून पेढा हाय," ते म्हणत. "खालून काय असन, सांगता येत नाई."

यात देवावर राग नव्हता. पुल्लीवारभाऊंची सगळी नोकरी कोळशाच्या वजनकाट्यावर गेली होती. चंद्रपूरच्या आसपासच्या खाणींतून भरून निघालेले ट्रक त्यांच्या काट्यावर उभे राहत, आणि प्रत्येक ट्रक त्यांना फसवायला आलाय असं धरूनच ते कामाला लागत. बरेचदा ते खरंही असायचं. कोणी कोळशाखाली दगड भरून आणी. कोणी वरून पाणी मारून कोळसा जड करी. एकाने तर ट्रकच्या पोटाखाली चोरटी टाकी बसवली होती. भरल्या गाडीचं वजन होताना टाकीत पाणी, रिकाम्या गाडीचं होताना टाकी कोरडी. पुल्लीवारभाऊ लांब सळई घेऊन कोळशात खुपसत आणि आवाजावरून खाली काय आहे ते ओळखत. निवृत्त झाल्यावर सळई सुटली, सवय राहिली.

मी त्यांची भाडेकरू. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या अंगाला त्यांचं दुमजली घर. खाली ते आणि त्यांची मुलगी स्वाती. तिची आई ती लहान असतानाच गेली. वरच्या दोन खोल्यांत मी. मी शाळेत मराठी शिकवते, गल्लीत मला शेख बाई म्हणतात.

सामान घेऊन आले त्या दिवशी पुल्लीवारभाऊ जिन्याच्या तोंडाशी उभे होते. प्रत्येक खोका उचलून पाहत होते. एका खोक्याशी थांबले.

"याच्यात काय हाय?"

"पुस्तकं आहेत भाऊ."

"पुस्तकं इतके जड नसते बाई."

खोका उघडला. वर पुस्तकं होती. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली, खाली हात घातला. खालीही पुस्तकंच होती. सगळी पुन्हा नीट रचून, खोका बंद करून त्यांनी स्वतःच वर नेऊन ठेवला. जाताना म्हणाले, "एवढे वाचून करता काय तुमी?" त्या प्रश्नातसुद्धा चौकशी कमी आणि चौकशी समिती जास्त होती.

पहिल्या ईदला मी खाली शीरखुर्मा दिला. त्यांनी चमचा सरळ वाटीच्या तळाला नेला, ढवळला आणि वर काढला. चमच्यात बदाम आले.

"पाह्यलं?" ते स्वातीला म्हणाले. "खाली दडवले होते."

आयुष्यात पहिल्यांदाच खालून काहीतरी चांगलं निघालं म्हणून ते जरा गोंधळलेले दिसले.

आता स्वातीचं. २००८च्या आसपासची गोष्ट. पोरगी कॉम्प्युटरची इंजिनिअर झाली आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून गेम बनवू लागली. हैदराबादच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने तिला सांगितलं होतं, स्वतः केलेलं काहीतरी घेऊन ये. पण ते नुसतं कॉम्प्युटरवर चालून उपयोगाचं नाही, टीव्हीला जोडतात त्या गेमच्या डब्यावर, म्हणजे कन्सोलवर, चालताना दिसलं पाहिजे. तिच्या मामाने हैदराबादहून तो कन्सोल आणून दिला.

पुल्लीवारभाऊंनी अर्थातच तो तोलला. मग त्याच्यासोबत आलेला वीजपुरवठ्याचा ठोकळा तोलला. तो विटेएवढा होता आणि विटेएवढाच जड.

"स्वाती, ह्या डब्याचं सगळं याच्यात हाय."

"बाबा, तो नुसता अडॅप्टर आहे. करंटचा."

"करंटले वजन नसते. मामाले विचार, वीट कायले देल्ली म्हणून."

मामाने फोनवर समजावलं. त्याने संशय वाढला. सांगायला इतका वेळ लागतो म्हणजे नक्की काहीतरी आहे, असं भाऊंचं मत पडलं.

तेव्हापासून ते स्वातीच्या मागे खुर्ची टाकून बसू लागले. ती आधी आकाशयानांचा गेम करत होती. भाऊंनी दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "हे जहाज कुठून कुठी चाल्लं? माल काय हाय त्याच्यात? याचं वजन कोणं केलं?" यान जिकडेतिकडे बिनतपासणीचं हिंडतंय हे त्यांना बघवेना. कंटाळून स्वातीने यानाच्या जागी ट्रक काढला. ट्रक उभा राहायला मग काटा काढावा लागला. काट्यापाशी खुर्चीवर एक माणूस काढला, त्याच्या हातात सळई दिली. भाऊ मागून सांगत गेले आणि ती करत गेली. दगड कसा वाजतो, ओला कोळसा कसा चमकतो, टाकी कुठे लपवतात, सगळं गेममध्ये आलं. एक बटण सळई मारायला, एक गाडी रिकामी करायला, एक फाटक उघडून सोडायला. गेमचं नाव 'काटा'.

कॉम्प्युटरवर तो छान चालला. आता कन्सोल जोडायचा होता.

टीव्ही समोरच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या. मधल्या स्वयंपाकघरातून तार ओढली. कन्सोल सुरू केला, की टीव्हीच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक लांबलचक ओळ येई. ती जशीच्या तशी कॉम्प्युटरवर टाइप केली, की दोघांची ओळख पटणार होती. स्वातीने तिला 'किल्ली' म्हटलं, आणि तिथेच चुकलं.

"किल्ली?" भाऊंनी उठून खिडक्या लावल्या. "कोणाले समजली तर?"

"समजली तर काय बाबा, आपल्या डब्याशी जुळता येईल त्याला."

"म्हंजे घरात घुसता येईल."

स्वाती कॉम्प्युटरशी बसली, भाऊ टीव्हीशी. मोठ्याने सांगायला ते तयार नव्हते. दोन अक्षरं पाठ करायचे, स्वयंपाकघरातून चालत तिच्यापर्यंत जायचे आणि कानात सांगायचे. वाटेत दूध उतू जाताना दिसलं की अक्षरं विसरायचे. मधेच मांजर आलं, त्याला हाकलण्यात 'के' गेला की 'ए' गेला ते कळेना. तेवढ्यात टीव्हीवरची किल्लीच बदलली. नवी ओळ आली.

"हे पाह्य," भाऊ म्हणाले. "आपण वाचून राह्यलो हे त्याले समजलं."

शेवटी मला खाली बोलावलं. माझीच निवड का, तेही त्यांनी तोंडावर सांगितलं. "बाईले वाचता येते, पण यातलं काई समजत नाई. असाच माणूस पायजे." मी मान हलवली. खोटं नव्हतं.

पण त्यांची एक अट होती. गल्लीत कोणी कान देऊन असेल, म्हणून मी मधेमधे खोटी अक्षरं घुसडायची.

"मग मला खरं कोणतं ते कसं कळेल?" स्वाती आतून ओरडली.

"मी खोकलीन. खोकला आला का ते अक्षर खोटं."

वर्गात शुद्धलेखन सांगून सांगून माझा आवाज असा झालाय की तो दबत नाही. मी सुरू केलं. "एफ! सात! के! नऊ!" भाऊ योग्य जागी खोकत होते. पण आयुष्यभर कोळशाची धूळ खाल्लेला माणूस. मुद्दाम आणलेल्या खोकल्याने खरा खोकला जागा केला आणि तो थांबेना. मी अक्षरं सांगतेय, भाऊ वाकून खोकताहेत, आणि आतून स्वाती विचारतेय, "बाबा, हा खरा का खोटा?" भाऊ हाताने काहीतरी खुणा करत होते, त्या तिला भिंतीपलीकडून कशा दिसणार? सगळी किल्लीच खोटी ठरली.

मग स्वाती उठून आली, पेनने तळहातावर किल्ली लिहून घेतली, परत जाऊन टाइप केली. जुळलं.

भाऊ टीव्हीकडे बघत उभे. "इतक्या लवकर?" ते म्हणाले. "बराबर नाई वाटत."

दुसऱ्या दिवशी कळलं, कोपऱ्यावरच्या पानवाल्याने माझ्या तोंडचे आकडे ऐकून ते सट्ट्याला लावले होते. लागले नाहीत. पुल्लीवार मुद्दाम खोटे आकडे ओरडायला लावतो, असा त्याचा ग्रह झाला. आठवडाभर त्याने भाऊंना बिनचुन्याचं पान दिलं. भाऊंनी ते उघडून पाहिलं आणि म्हणाले, "मले मालूमच होतं."

गेम टीव्हीवर आला. काट्यावरच्या खुर्चीतला माणूस आता चांगला हातभर उंच दिसत होता. भाऊ पुढ्यात मांडी घालून बसायचे, मी आणि स्वाती कन्सोलचा रिमोट घेऊन आळीपाळीने खेळायचो. मी गाडी सोडली आणि खाली दगड निघाले, की त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागायचं. स्वातीचं हैदराबादला जाणं ठरत आलं होतं. गेमची एक शेवटची पायरी तेवढी राहिली होती, आणि तिच्यावरूनच बापलेकीचं वाजलं. इतकं, की दोघं एका घरात राहून माझ्यामार्फत बोलू लागली. स्वाती वर येऊन रडली.

"बाई, तुम्ही सांगा ना त्यांना. त्यांना शेवटी एक ट्रक पाहिजे, निळ्या तोंडाचा. तपासला तरी त्यात काही सापडत नाही, सोडला तरी पॉइंट मिळत नाही. मी म्हटलं, काहीतरी खूण द्या, की खेळणाऱ्याला कळेल हा ड्रायव्हर सरळ माणूस आहे. तर म्हणतात, खूण नसते. असा गेम असतो का? कंपनीवाले मला हसतील."

आम्ही दोघी खाली आलो, स्वाती मागच्या खोलीत कॉम्प्युटरशी जाऊन बसली. भाऊ ओसरीत बसले होते. त्यांच्यासमोर चहा निवत होता. तोलला नव्हता, ढवळला नव्हता. मी विचारलं, "भाऊ, एक खूण दिली तर काय बिघडते?"



"लच्चन्ना नावाचा ड्रायव्हर होता," ते म्हणाले. "सिरोंच्याकडचा. अर्धं तेलगू, अर्धं मराठी बोले. त्याच्या गाडीत मले कधीच काई सापडलं नाई बाई. बाकीच्याच्या गाड्या मी सळई मारून सोडत होतो. त्याची मात्र रिकामी करत होतो."

"काऊन?"

"सापडत नव्हतं म्हणून."

मला हसू आलं आणि तिथेच विरलं.

"तो खाली उतरून गपचिप निंबाच्या सावलीत बसे. मग हमालाइसंग स्वतः फावडं घेऊन कोळसा परत भरे. कधी उलटून बोलला नाई. एक दिवस म्हणाला, 'साब, ही लास्ट खेप. डोळ्याले दिसून नाई राह्यलं. आता गावी जातो.' मी मनात म्हटलं, अस्सं! म्हंजे आज आणलं असन यानं. इतक्या वर्साचं एका दिवसात काढते हा." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "पुरी गाडी रिकामी केली. फळ्या ठोकून पाह्यल्या. सीट काढून पाह्यली."

"मग?"

"कोळसा होता."

आत कॉम्प्युटरच्या बटणांचा आवाज थांबला होता.

"मागून एकदा गेलो होतो त्याच्या गावाकडे. रस्ता पाण्याखाली, बस अर्ध्यातून वापस फिरली. पुढच्या साली जाऊ म्हटलं. तर तो नाई राह्यला म्हणे." भाऊंनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज चढवला. स्वातीला ऐकू जावं म्हणून. "खूण राह्यली असती तर मी नसतो का ओळखलं? नाई दिसत खूण. गाडी तशीच सोडा लागते."

थोड्या वेळाने बटणांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दोन दिवसांनी तिने मला खेळायला बोलावलं. स्वतः मागच्या खोलीत कॉम्प्युटरशी बसली. भाऊ माझ्या शेजारी होते. मी एकेक ट्रक सळईने तपासत, चोर पकडत पुढे गेले. शेवटी निळ्या तोंडाचा ट्रक काट्यावर येऊन उभा राहिला. सळई मारली. आवाज कोळशाचा. खरं सांगते, अंगठा गाडी रिकामी करायच्या बटणावर गेलाच होता. इतके दिवस भाऊंच्या सहवासात काढल्यावर दुसरं काय होणार? भाऊ टीव्हीकडे बघतच नव्हते. माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

मी फाटक उघडलं.

ट्रक निघाला. पॉइंट मिळाला नाही, गाणं वाजलं नाही. फाटक ओलांडताना मात्र केबिनच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला.

भाऊ सरळ बसले. "हे कोणं टाकलं?"

"मी," आतून स्वाती म्हणाली.

"हात गोरा काऊन काढला? कोळशानं काळा कर त्याले. कोपरापासून."

तिने काळा केला. भाऊंनी माझ्याकडे हात पुढे केला. आजवर त्यांनी त्या रिमोटला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"सोडाले कोणतं दाबायचं, बाई?"

मी दाखवलं. ट्रक पुन्हा आला, काट्यावर थांबला. भाऊंनी रिमोट दोन्ही हातांत धरला होता. चष्मा नाकावर घसरला होता, तो वर करायलाही त्यांनी हात सोडला नाही.

"जा बापा," ते टीव्हीला म्हणाले, आणि बटण दाबलं.