कोरडं घासायचं नाय

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुणाच्या घरी जुना रंग घासायचा ग्राइंडर सुरू झाला, की थोड्याच वेळात त्या घराची लाइट जाते. यात वीज कंपनीचा काही दोष नसतो. मीटररूमची किल्ली तांडेलकाकांकडे असते.

गजानन तांडेल. मूळचे सारसोळ्याचे कोळी, उरणकडे एका कंटेनर यार्डात कारकुनी करून रिटायर झालेले आणि आमच्या सोसायटीचे कायमचे सेक्रेटरी. कायमचे अशासाठी, की दर मीटिंगमध्ये त्यांना काढायचं ठरतं आणि मग ती कटकट दुसऱ्या कुणालाच नको असते. लाइट घालवली की ते त्या घरी येतात. तोंडाला भला मोठा मास्क आणि हातात झाडांवर औषध मारायचा पंप. पंपात साधं पाणी. ते भिंतीवर, दारावर, पेंटरवर आणि मध्ये आलाच तर घरमालकावरही मारतात.

"कोरडं घासायचं नाय. पानी मार, मंग घास."

त्यांचं म्हणणं असं, की आमच्या बिल्डिंगी जुन्या. दारं, खिडक्या, ग्रिल, सगळ्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं. तो कोरडा घासला की त्याची पूड उडते आणि लहान मुलांच्या पोटात जाऊन थेट डोक्याला लागते. आता नव्या डब्यात शिसं किती चालेल याचा कायदा झालाय. "डब्याला कायदा हाय," काका म्हणतात, "जुन्या दरवाज्याला कोन हाय?" मग तो कायदा त्यांनीच केला आणि गेटवर चिकटवला. ग्राइंडर बंद, दाराला प्लास्टिक लावा, झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा, जुनी लाकडं जाळू नका. कुणीही कंत्राटदार आला की त्याला ते गेटवर उभं करून मोठ्याने वाचायला लावतात. मराठी न येणाऱ्याला स्वतः हिंदीतून समजावतात. ती हिंदी ऐकण्यापेक्षा नियम पाळलेले परवडतात, असं एका पेंटरनेच मला सांगितलं.

काकू गेल्यापासून काका आणि मंगेश दोघंच वरच्या मजल्यावर राहतात. मंगेश त्यांचा मुलगा. तिशीचा असेल. बोलत नाही, खिडकीशी बसून असतो. तो जन्मापासून तसाच, असं सोसायटीत सगळे धरून चालतात. काका कुणाला घरात घेत नाहीत. जे काही बोलायचं ते दारात.

गणपतीआधी मी घराचं रंगकाम काढलं. माझं माहेर साताऱ्याकडचं आणि डोकं तापट. माझ्या घरात शिरून माझ्या सोफ्यावर पाणी मारणाऱ्या माणसाला मी सोडणार नव्हते. काका आले तशी मी पंपालाच हात घातला.

"काका, हे माझं घर आहे."

"घर तुजं. हवा सगल्यांची."

आमची अशी ओढाओढी चालू असताना काका एकदम थांबले. ते बाल्कनीकडे बघत होते. तिथे शांता, आमच्या कंत्राटदाराकडची मजूर बाई, दाराच्या रंगाची हिरवी पूड झाडूने गोळा करत होती. आणि तिची चिमी, नुकती पाऊल टाकायला लागलेली, त्या पुडीत बसून दोन्ही हातांनी थापट्या मारत होती. थापटी मारायची, तळवा चाटायची.

काका माझ्यावर कधीच ओरडले नव्हते इतक्या जोरात सावंतवर, म्हणजे आमच्या कंत्राटदारावर, ओरडले. "ही पोर हितं कशाला?"

सावंत मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मजुराची पोरगी आहे काका, कुठे ठेवणार? टेन्शन नका घेऊ. सवय असते यांना."

सवय असते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळी मीच त्या पोरीला बिस्कीट दिलं होतं आणि तिने ते त्याच हातांनी खाल्लं होतं. सावंतच्या स्वतःच्या घरी रंग चालू होता तेव्हा वास नको म्हणून त्याचा मुलगा शेजारच्या सोसायटीत मावशीकडे ठेवलेला होता. हेही त्यानेच मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

काकांनी चिमीला उचललं, बेसिनवर नेऊन तिचे हात आणि तोंड धुतलं आणि शांताला म्हणाले, "काम हाय तवर माज्या घरी राहू दे हिला. वरच हाय मी. कवापन येऊन बघ." शांताने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. सावंत कुरकुरला, की पाणी मारून घासायचं तर काम लांबेल. "लांबू दे," मी म्हटलं, "आणि तो झाडू आधी बाहेर काढ." इतकी वर्षं काकांना शिव्या घातल्या आणि आता त्यांचेच नियम मी सावंतच्या अंगावर फेकत होते. याचाही मला रागच आला.

एका दुपारी ग्राइंडर नसताना माझी लाइट गेली. फ्रिजमधलं सगळं फुकट जाणार म्हणून मी भांडायला वर गेले. काकांचं दार उघडं होतं. मंगेश चटईवर उताणा पडला होता. चिमी त्याच्या छातीवर बसून त्याचे कान ओढत होती आणि तो हसत होता. मी त्याला पहिल्यांदाच हसताना ऐकलं. काका भात कालवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण बोलायला लागले.

"आमची होडी होती. खाडीत मासली राहिली नाय, तवा बापाने मोडीत काढली. मी फळ्या आनल्या. ह्याला पलंग केला. रंग मीच घासला, ह्याच खोलीत, कोरडा. आज्याच्या येलेपासूनचा रंग, निगता निगंना. हा बाजूला रांगायचा. मंग दात आले, तवा पलंगाचा काठ चावायचा. ही हसायची. आज्याची होडी गोड लागते म्हनायची."

भाताचा घास त्यांनी चिमीला भरवला.

"रगत तपासलं तवा डॉक्टर बोलला, शिसं हाय. तवर व्हायचं ते झालं होतं."

मला रडू आलं नाही, संताप आला. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, रंगाच्या डब्यावर कुणी एक ओळ लिहिली नव्हती, आणि आज सगळं माहीत असून सावंतसारखे लोक सवय असते म्हणतात. आम्ही त्या माणसाला वेडा म्हणत होतो. मी लाइटचं काही न बोलता खाली आले. नंतर कळलं, त्या दुपारी सगळ्या नेरूळचीच गेली होती.

काम संपलं. सावंतने माणसं जासईच्या साइटवर हलवली, शांता आणि चिमीही गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"झालं सगलं?"

"झालं, काका."

त्यांनी आत डोकावून बघितलं. "बाथरूमचा दरवाजा राहिला तुजा."

तो दरवाजा नवाकोरा होता, प्लास्टिकचा. त्याला रंग लागत नाही हे काकांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"मंगेश पहाटपासून जिन्यात बसलाय," ते म्हणाले.

मी सावंतला फोन लावला आणि त्याच्यावर ओरडले, की बाथरूमचा दरवाजा अर्धवट सोडून पळून गेलास काय, उद्याच्या उद्या माणसं पाठव, आणि शांताच पाहिजे, दुसरी कुणी चालणार नाही.