सतरा मंगल

पाखराच्या पायात कडी बसली की गुलाबराव ते तोंडाजवळ धरून त्याच्या कानात "कुर्रर्र" करतात. पाखराचा कान नेमका कुठं असतो हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून एकदा समोरून आणि एकदा मागून करतात. मग नाव सांगतात आणि आपल्या पाठीत धपाटा घालायला कोणी आहे का, ते बघतात. बारशाला आत्या करते ते सगळं.

"नंबर तं मोटरसायकललेबी असते, भाऊ," ते मला म्हणाले. "पोट्ट्याले नाव नको का?"

दसरा झाला की पार हिमालयापलीकडून चिमुकले पक्षी नागपूरकडे उतरतात. उमरेड रोडवरच्या एका तलावाकाठी पुण्याच्या एक मॅडम तीन आठवडे तलम जाळी लावतात, पक्षी धरतात, वजन करतात, नंबराची कडी घालून सोडतात. पुढं तो कुठं सापडला तर त्याचा प्रवास कळतो. मला डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं. मी तलावापर्यंत चाललो आणि मॅडमची वही लिहायला बसलो; चालणं तिथंच संपलं. माझ्यामागून शेजारचे गुलाबराव आले.

गुलाबराव हाडाचे विणकर. घरचे हातमाग बंद पडल्यावर मिहानातल्या एका कंपनीत चौकीदारी केली, पण बोटं मागावरचीच राहिली. जाळ्यात गुरफटलेला पक्षी सोडवताना मॅडमना घाम फुटायचा, हे चुटकीसरशी मोकळा करायचे. या एका गुणावर मॅडमनी बाकीचे सगळे गुण सोसले.

सगळ्यात जास्त सापडायचा तो वटवट्या.

"पोरगा हाय का पोरगी?" गुलाबरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"काका, या जातीत बघून कळत नाही."

त्यांनी जरा विचार केला. "मंग मंगल. दोघायलेबी चालते."

पंधरा दिवसांत तलावावर सतरा मंगल झाले. शिवाय वहीत शेरे: 'चिडका. वाटेत जेवला नाही.' गुलाबराव सांगायचे, मी लिहायचो आणि मॅडम रोज खोडायच्या.

मग बाभळीच्या काट्यांनी एक जाळं फाटलं. "द्या इकडं," म्हणत गुलाबराव ते घरी घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत आणलं. काय जाळं! एक भोक नाही, एक सुरकुती नाही. मॅडमनी कौतुकानं ते मोक्याच्या जागी लावलं. पहिला वटवट्या आला, जाळ्यावर आपटला आणि आल्या वाटेनं परत गेला. दुसराही तसाच. मागून एक धोबी पक्षी आला, तोही उसळून माघारी. इजा कोणाला झाली नाही, अपमान मात्र सगळ्यांचा झाला. सकाळभर एक पाखरू हाती लागलं नाही.

मॅडमनी जाळ्यावरून हात फिरवला आणि कपाळाला लावला. "काका, जाळ्याला झोळ ठेवलेले असतात! पक्षी त्यात अलगद पडतो. तुम्ही सगळे झोळ आवळून टाकलेत!"

"ढिलं काहून ठेवू? आमच्या घरून झोळवालं कापड कधी भायेर गेलं नाई!"

"उद्यापासून तुम्ही येऊ नका."

गुलाबराव जाळं मांडीवर घेऊन बाभळीखाली बसले आणि एकेक गाठ सोडवू लागले. ऊन डोक्यावर आलं. मी डबा पुढं केला, त्यांनी घेतला नाही. मॅडम जवळ आल्या तेव्हाही मान वर केली नाही.

"बाई, कुर्र करणार नाई. नाव देणार नाई. पण येऊ नका म्हणू नका. बायको गेली तवापासून घरी कोणी येत नाई. दार उघडं टाकून दिवसभर वाट पायत राहतो. अन् हे पोट्टे पाहा, कुठून कुठून येऊन राहिले."

मी अकरा वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मला मान खाली घालावी लागली.

"काका, शनिवारी आमचा मुक्काम तसाही उठतोय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मग काय करणार?"

"तेच तं."

मॅडम जीपकडे गेल्या आणि एक पोतं ओढत घेऊन आल्या. "ही ठिकठिकाणची फाटकी जाळी आहेत. पुढच्या दसऱ्यापर्यंत पुरतील. दसऱ्यानंतर तुम्हीच घेऊन यायची. पण काका, ढिली विणायची."

गुलाबरावांनी पोत्यावर हात ठेवला. म्हणाले, "ढिली विणतो, बाई."

पोत्याचं एक टोक मी धरलं. त्यांच्या दारात ते टेकवून मी नेहमीप्रमाणे माझ्या फाटकाकडे वळणार होतो. वळलो नाही. आत जाऊन बसलो आणि चहा मागितला.