सासऱ्यांचं साबणपाणी

दगड फोडायला लावलेल्या सुरुंगाने दगड सोडून खाणीची पाण्याची बोअर फोडली, तेव्हा मॅनेजर कॅबिनमध्ये बसून चहात बिस्किट बुडवत होता. दणका बसला, बिस्किट कपात पडलं आणि क्रशरवरची धूळ बसवणाऱ्या फवाऱ्यांनी एक उचकी देऊन मान टाकली. जमिनीखालचं पाणी कुठल्या कुठे पसार झालं. सुरुंगाची जागा मॅनेजरने स्वतःच खडूने आखून दिली होती, त्यामुळे ओरडायचं तरी कुणावर, हा प्रश्नच होता.

एरवी एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकी धूळ तपासायला प्रदूषण खात्याच्या मॅडम येणार होत्या. खडी फोडताना धूळ उडाली तर खाणीला टाळं, हा सरकारचा नियम. आणि खाणीला टाळं लागलं तर मॅनेजरने उद्यापासून येऊ नये, हा मालकाचा. मालकाने तो फोनवर अगदी शांतपणे सांगितला. मालक शांत बोलला म्हणजे तो भडकलेला असायचा.

मग पाण्याची शोधाशोध सुरू झाली. स्वतःचा टँकर होता, पण भरायचा कुठून? शेजारच्या खाणीचा मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे भरपूर आहे, आणि त्याने फोन ठेवला. त्याला बिचाऱ्याला तेवढंच सांगायचं होतं. अग्निशमन दलाने आग कुठे लागलीय ते विचारलं. अजून लागलेली नाही म्हटल्यावर त्यांनी नाव, पत्ता आणि वय लिहून घेतलं.

उरली एकच जागा. टेकडीच्या पायथ्याशी सासऱ्यांची लॉन्ड्री होती आणि तिथल्या विहिरीला पाण्याचा तोटा नव्हता. पण अडचण अशी की धुळीची तक्रार सासऱ्यांनीच केली होती. इस्पितळाच्या पांढऱ्याशुभ्र चादरी ते दोरीवर घालायचे, वर जावयाचा क्रशर सुरू व्हायचा आणि चादरी राखाडी होऊन पुन्हा धुण्यात जायच्या. त्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. एका खोलीत बसले तरी सगळा कारभार मॅनेजरच्या बायकोमार्फत चालायचा.

त्या दिवशीही ती इस्त्रीच्या टेबलापाशी मधोमध उभी राहिली.

"बाबांना म्हणावं, एक टँकर पाणी द्या."

"तुझ्या नवऱ्याला सांग, विहिरीचा थेंब मिळणार नाही."

"मग माझी नोकरी जाईल म्हणावं."

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. नुसती वडिलांकडे बघत राहिली. सासरे विरघळले, पण पुरते नाहीत. धुणं झालेलं पाणी नाल्यात जातंच, ते हवं तर न्या म्हणाले. मॅनेजरला तेव्हा कुणी डबक्यातलं दिलं असतं तरी त्याने पाया पडून घेतलं असतं. टँकर भरून वर गेला.

सकाळी मॅडम गाडीतून उतरल्या आणि मॅनेजरने क्रशर आणि फवारे दोन्ही सुरू केले. आता साबणाचं पाणी, वर फवाऱ्याचा जोर आणि खाली दगड घुसळणारा क्रशर. आधी खडी वाहणाऱ्या पट्ट्यावर थोडा फेस दिसला. मग खडी दिसेनाशी झाली, मग पट्टा, आणि हळूहळू फेस उतारावरून डंपरकडे निघाला. लिंबाचा मंद वास सुटला. डंपरचा ड्रायव्हर खाली उतरला तो कमरेपर्यंत गुडूप झाला. मॅनेजरने मनातल्या मनात नोकरीला नमस्कार केला.

मॅडमनी धूळ मोजायचं यंत्र पुढे धरलं. काटा हलेना. त्यांनी यंत्रावर टिचकी मारली, तरी हलेना. मग त्यांनी बोटावर थोडा फेस घेऊन निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं खाणी तपासतेय, असा बंदोबस्त बघितला नव्हता. हेच रोज चालू ठेवा. एक दिवस जरी फेस दिसला नाही, तरी टाळं लावीन."

मॅनेजरचा आनंद गगनात मावेना. मालक मोठ्याने ओरडून बोलला, म्हणजे खूश होता. जावयाचा टँकर रोज लॉन्ड्रीवर जाऊ लागला, चादरी पांढऱ्या राहू लागल्या, सासरे-जावई थेट बोलूही लागले. बायकोला मात्र मध्ये उभं राहायची सवय झाली होती, तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आणि एके दिवशी टँकर अर्धाच भरून आला. पुढे पाव. मॅनेजर धावत खाली गेला. सासरे हातावर हात ठेवून बसले होते आणि मागे चादरी स्वच्छ वाळत होत्या.

"बाबा, पाणी?"

"कुठून आणू? तुमची धूळ होती तेव्हा एकेक चादर तीन-तीनदा धुवायचो. आता एकदा धुतली की झालं. धुणंच नाही, तर फेस कुठला?"

"अहो, पण फेस नसला तर मॅडम टाळं लावतील."

सासऱ्यांनी वर क्रशरकडे आणि मग दोरीवरच्या चादरींकडे पाहिलं. "मग असं करा जावईबापू, अधूनमधून जरा धूळ उडवत चला. धुणं वाढेल."

"आणि तुम्ही तक्रार केलीत म्हणजे?"

"म्हणजे काय? करणारच. चादरी माझ्या आहेत."