डोळे मिटून दाखवलेली चूक

"आणि प्रभू, या घरातली तुझी दासी मार्था अकरा महिने सुनेशी एक शब्द बोललेली नाही. तिची मान ताठ आहे. ती वाकव."

एस्तेरबाई माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर बसून, डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. चर्चच्या मंडळीतल्या चौदा बायका ऐकत होत्या. "आमेन," सगळ्या म्हणाल्या. सवयीनं मीही म्हणाले.

डोळे उघडले तर सून रूथ स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. बायका गेल्यावर म्हणाली, "आई, मी उद्या सकाळच्या गाडीनं सांगलीला जाते, विश्रामबागला बहिणीकडं. तिकडं शाळेत जागा निघालीय. बाईंना मी काही सांगितलं न्हाई, पण तुमी तसंच धरून बसणार."

मी खरंच तसं धरलं होतं. मुलगा फौजेत, लांब. घरात आम्ही दोघीच.

या एस्तेरबाई म्हणजे आमच्या कोरेगावच्या मंडळीवरचा धाक. जन्मभर नर्स होत्या. रिटायर झाल्या, सुई सुटली, टोचणं राहिलं. कुणाची चूक तोंडावर सांगायच्या नाहीत. प्रार्थनेत सांगायच्या. तोंडावर सांगितलं तर माणूस उलट बोलतो, प्रार्थनेत कोण उलट बोलणार? पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की शेवटी ठरलेलं, "प्रभू, तुझ्या सेवकाला घड्याळाकडं बघायची बुद्धी दे." मेढ्याला मयतीला गेलो होतो. तिथं कबरीच्या काठावर म्हणाल्या, "प्रभू, खड्डा पायाकडं उथळ आहे, खोदणाऱ्यांना क्षमा कर." पेटी बाजूला ठेवून लोकांनी परत खोदलं. आणि आमेन झालं की समोरच्याचा हात थोपटायच्या, "प्रेमानं सांगितलं गं."

अकरा महिन्यांचं कारणही सांगते. बीपीच्या गोळ्या मी रंगावरून ओळखते. दुकानदारानं दुसऱ्या रंगाच्या दिल्या आणि मी सकाळचीच गोळी दोन वेळा खात राहिले. चक्कर यायची. रूथनं पाहुण्यांसमोर सांगितलं, "आई, तुमी चुकीची गोळी घेताय." ती बीएड, मी चौथी. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून मला काही हवं असलं की मी फ्रिजला सांगायचे.

त्या दुपारी मला बसवेना. उठले, बसले, घासलेली भांडी परत घासली. आत रूथ बॅग भरत होती. शेवटी चप्पल घातली आणि भर उन्हात एस्तेरबाईंचं घर गाठलं.

"बाई, तुमी चुकलात."

"बस आधी."

"बसायला आले न्हाई. शास्त्रात काय हाय? कुणी चुकलं तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगावं. तुमी चौदा जणी घेऊन आलात. आन तेबी प्रभूला सांगितलंत. त्याला आधीच ठाऊक होतं. सांगायचं मला होतं."

वाटलं, आता डोळे मिटतात. नाही मिटले. हात मात्र मांडीवर नुसते फिरत होते, जागा सापडत नसल्यासारखे.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

मी भांडणाची तयारी करून गेले होते. आता उभं कसं राहायचं तेही कळेना.

"आणखी काय चुकतं माझं?"

"लय हाय."

"सांग की."

सांगितलं. "लोकांच्या घरात डब्यांची झाकणं उघडून बघता. गाण्यात सगळ्यांच्या पुढं पळता. आजाऱ्याला भेटायला जाता आन तोच आजार झालेले किती मेले ते सांगता." प्रत्येकाला त्या मान हलवत होत्या. शेवटच्याला थोडं हसल्या.

मग म्हणाल्या, "आमचे हे होते तवा रोज रात्री म्हणायचे, एस्तेर, आज जास्त बोललीस. ते गेल्यापासून मला कुणी कायबी सांगितलं न्हाई. सगळी नुसती आमेन म्हणत्यात."

मी बसले.

"आन डोळं उघडं ठेवून सांगायचं भ्या वाटतं गं मार्थे. समोरचं तोंड पडलेलं दिसलं की वाटतं, हे माणूस आता परत माझ्या दारात येणार न्हाई." लगेच त्या चपला शोधायला लागल्या. "चल, रूथची माफी मागते. तिनं मला कायबी सांगितलं न्हाई, तू फ्रिजशी बोलतेस ते मीच ऐकत आले."

"थांबा. आधी मी."

घरी आले. रूथ साड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणाले, "चुकीची गोळी घेत होते मी. तुझं बरोबर होतं. बाईंना तू सांगितलंस असं धरलं, तेबी चुकलं. जाऊ नकोस."

ती थांबली. "आई, हे तुमी कपाटाला सांगताय. इकडं बघून सांगा."

परत चूक काढली. पण वळले आणि तिच्याकडं बघून पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं घातलेली घडी उगीच मोडून परत घातली. "बघते," म्हणाली.

पाचच्या सुमाराला एस्तेरबाई आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "रूथ, तुझ्या घरातली गोष्ट मी चारचौघींत आणली. मला माफ कर." डोळे मिटायचे नाहीत म्हणून एवढे ताणले होते की त्यांना पाणी आलं. निदान मी तसं समजले. रूथनं हात धरून त्यांना आत घेतलं.

सकाळची सांगलीची गाडी रूथला न घेता गेली.

हे आम्हा तिघींवर गुदरलं: माझ्यावर, माझ्या सुनेवर आणि एस्तेरबाईंवर. तिघीही कोरेगावातच आहोत.