हैदराबादी गुळणीचा गुन्हा

निजामाच्या अख्ख्या मुलखात आपल्यासारखं नाक दुसऱ्या कुणाला नाही, असं उत्तरेश्वर जासूस स्वतःच सांगायचे. बीडच्या एका कारकुनाची हरवलेली म्हैस त्यांनी नुसत्या वासावरून हुडकली होती. म्हैस दुसऱ्याचीच निघाली, ही बाब अलाहिदा. त्यांचे मदतनीस खाजामियाँ चार वर्षं हे ऐकत होते, तेही दोन हात लांब बसून.

लिंबागणेशच्या अर्जुनरावांचं प्रकरण नाजूक होतं. त्यांच्या तोंडाच्या वासापायी बायको शिवकन्या उमापूरला माहेरी निघून गेली होती. वास गेला तरच नांदायला येईन, असा तिचा निरोप होता. बिचाऱ्यांनी हैदराबादच्या डॉक्टरकडून जंतू मारायचं गुळणीचं औषध आणलं, महिनाभर गुळण्या केल्या. वास जागच्या जागी.

"बाटलीत कुणीतरी पाणी भरतंय," उत्तरेश्वरांनी निदान केलं आणि एक घोट तोंडात घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या. औषध अस्सल होतं.

"मग जंतूच कुणीतरी बाहेरून आणून सोडतंय," ते म्हणाले.

चौकशी सुरू झाली. त्यांची पद्धत अशी, की संशयिताच्या नाकाला नाक भिडवून विचारायचं. हकीम मुनव्वरनं मान फिरवली. नजर चुकवतो, म्हणजे दोषी. स्वयंपाकीण केशरबाईनं पदर नाकाला लावला, तीही दोषी. दारातल्या घोड्यानंही तोंड वळवलं, तेव्हा कट फार मोठा आहे याची त्यांना खात्री पटली. खाजामियाँना कारण ठाऊक होतं, पण नोकरीही प्यारी होती.

भांडी घासणारी कडूबाई मात्र म्हणाली, "जासूसदादा, जरा लांब सरा. मालक, औषद आल्यापासून दातवण का म्हून सोडलं?"

"हैदराबादचं औषद असल्यावर बाभळीची काडी कशाला?"

"वठ वर करा बरं. ह्यो पिवळा थर बगा. करपल्या पातेल्यात नुसतं पानी फिरवलं तर खरवड निघती का? औषद थरावरून जातंय, अन् तुमचे ते जंतू खाली खुशाल बसल्यात. आदी घासा, मंग गुळणी करा."

महिन्याभरानं शिवकन्या आली. अर्जुनरावांशेजारी बसली, बसूनच राहिली. त्यांचे डोळे भरून आले, पण उत्तरेश्वरांसारखे औषधानं नव्हे.

यशाचं श्रेय घ्यायला उत्तरेश्वर पुढे वाकले. शिवकन्येनं झटकन तोंड फिरवलं.

"ही काहीतरी लपवतेय," ते खाजामियाँच्या कानात कुजबुजले.

खाजामियाँनी श्वास रोखून खिशातून बाभळीची काडी काढली. "पुरावा हाय, हुजूर. चावून बगा."