सहा लाख वर्षांचा दगड

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर पहारेकऱ्याने बॅगेत हात घातला आणि मुठीएवढा, भोकाभोकांचा करडा दगड बाहेर काढला. इथला खडासुद्धा बाहेर न्यायचा नाही, अशी पाटी त्याच्या डोक्यावरच होती.

भूगोलाच्या मास्तरांचे डोळे लकाकले. सकाळपासून ते बायकोला आणि लेकीला ज्वालामुखी समजावून सांगत होते. शिखरावर धुक्यात काही म्हणजे काही दिसलं नाही, तरी त्यांचं तोंड थांबलं नाही. शेवटी लेकीने मोबाइल खिशात टाकून विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला हे सगळं कसं हो कळतं?" तेव्हापासून मास्तरांचे पाय जमिनीवर नव्हते. मग बॅग बायकोची आहे, हे कोण बघतो!

"अहो..." बायको म्हणाली.

"थांब गं! साहेब, हा याच डोंगराचा. लाव्हारस उकळला, बुडबुड्यांसकट थिजला. वय सहा लाख वर्षं!"

"नक्की इथलाच?"

"डोळे मिटून सांगतो!"

"मग ताई, जिथून उचललात तिथे ठेवून या. चला, मी येतो."

"अहो, हा माझा टाचा घासायचा दगड आहे!" बायको कडाडली. "सकाळी विश्रामगृहातून निघताना मीच बॅगेत टाकला. सांगा की त्यांना!"

लेक मास्तरांकडे टक लावून बघत होती. शब्द फिरवावा तर इभ्रत जाते, न फिरवावा तर बायको चोर ठरते.

"दिसायला तर... इथलाच आहे," ते पुटपुटले.

झालं! वरात डोंगरावर निघाली. बायको वाटभर फणफणत पुढे चालत होती. पण कड्यावर पोचताच तिच्याच तोंडून निघालं, "अगंबाई!" धुकं साफ हटलं होतं. समोर ज्वालामुखीचं अख्खं तोंड, आणि त्याच्या भिंतीवर तांबडे, काळे, पिवळे थर उन्हात झळकत होते. लेक तर टाळ्या पिटत नाचायलाच लागली. मास्तरांना भरून आलं.

"साहेब, दगड हिचाच आहे," ते एका दमात बोलून गेले. "मी चुकलो."

"मला फाटकावरच कळलं होतं," पहारेकरी हसला. "साबणाचा वास येतोय की त्याला! म्हटलं, धुकं आत्ताच हटलंय, या निमित्ताने बघतील तरी."

लेकीने दगड हुंगला. "बाबा, सहा लाख वर्षांपूर्वी साबण कुठला मिळायचा?"

बायकोने दगड घेऊन पदराला पुसला आणि बॅगेत टाकला.

"वय बरोबरच सांगितलंय गं त्यांनी," ती म्हणाली. "साबण तेवढा कालचा आहे."