जास्तीत जास्त चाळीस

ढोले सरांसमोर कधी दोन गोष्टी ठेवू नयेत. एक ठेवली तर माणूस शहाण्यासारखा वागायचा. दोन ठेवल्या की संपलं. चहाचे दोन ग्लास आले की ते दोन्ही खिडकीच्या उजेडात धरून पातळी बघायचे, आणि तोवर माझा चहा गार व्हायचा. पुसदच्या भाजीबाजारात त्यांना मी दोन कारल्यांपाशी अडकलेलं पाहिलंय. मागे बायका ताटकळलेल्या, भाजीवाला कावलेला आणि हे त्याला शांतपणे सांगताहेत, "थांब ना भाऊ, मॅक्स काढून राह्यलो."

आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरीला होतो. मी टायपिंग शिकवायचे, ते प्रोग्रामिंग. दोन खोल्यांमध्ये प्लायवुडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली, त्यामुळे त्यांचा तास मला रोज सक्तीने ऐकावा लागे. त्यांचा सगळा जीव एका फंक्शनमध्ये होता. मॅथ डॉट मॅक्स. कंसात आकडे टाकायचे, त्यातला सर्वांत मोठा परत येतो. मॅथ डॉट मिन लिहिलं तर सर्वांत लहान येतो. एवढंच. पण सर ते अशा काही थाटात सांगत, जणू गावात पहिल्यांदाच नळ आलाय.

एखाद्या पोराने 'जर हा आकडा त्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर' अशी लांबण लावली की सर उखडायचे. "काहून बे, कोर्टात उभा हायस का? जर-तर, जर-तर. मशीनमधी तयार हाय ना ते. इचार आन् मोकळा हो."

हे सगळं चालता चालता. खुर्चीवर बसलेले ढोले सर मी पाहिलेच नव्हते. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, दोन्ही हातांत खडू. लोडशेडिंग सुरू झालं, कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले, पोरं वाऱ्याला बाहेर पळाली तरी यांच्या फेऱ्या चालूच. माझ्या मुली त्यांच्या चपलांच्या ठेक्यावर टाइप करायच्या. सर वळले की मुलींची ओळ संपायची. मी दोनदा तक्रार केली. "सर, जरा बसा हो." "बसतो ना मॅडम, कायले नाही," म्हणून ते आणखी जोरात चालायला लागायचे.

एकदा सुनीता राठोड नावाच्या मुलीने विचारलं, "सर, कंसात काहीच नाही टाकलं तं?" पुसदजवळच्या एका तांड्यावरून यायची ही मुलगी, मागच्या बाकावर बसायची आणि नेमकं असलंच काहीतरी विचारायची. सरांनी करून पाहिलं. पडद्यावर उणे अनंत आलं. काहीच न देता सर्वांत मोठं काय ते विचारलं, आणि मशीनने जगातलं सर्वांत लहान ते काढून दिलं. त्या दिवशी सरांनी पुढे काही शिकवलं नाही. नुसते फिरत राहिले आणि मधूनच म्हणत राहिले, "बाप्पा, काय इचारलं पोरीनं."

त्यांचा मोठा शत्रू मात्र वेगळा होता. तो म्हणजे 'जास्तीत जास्त' हा शब्द. आपल्या भाषेत जास्तीत जास्त म्हटलं की हात आपोआप मॅक्सकडे जातो आणि तिथेच माणूस फसतो. समजा, दिवसाला जास्तीत जास्त दोनच चहा धरायचे. कोणी पाच प्याला तरी दोनच लिहायचे. मग पाच आणि दोन यांतला लहान हवा, म्हणजे मिन. हे ते प्रत्येक तुकडीला पंधरा-पंधरा दिवस घोटून घ्यायचे. चुकणाऱ्याची गय नसे. आमच्या मालकांनी एकदा चुकून उलटं सांगितलं, तर सरांनी त्यांनाही पोरांसमोर फळ्यापाशी उभं केलं होतं. मालक महिनाभर आमच्या खोल्यांकडे फिरकले नाहीत, हे एक बरं झालं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, वेचायला बाया लावणं कोणाला परवडेना. दिवाळी झाली की आमच्या वर्गातल्या खेड्यांवरच्या मुली एकेक करून दिसेनाशा व्हायच्या. घरचा कापूस घरच्या पोरींनीच वेचायचा. त्या वर्षी अशा सात जणी गेल्या. सुनीता त्यांतच. संक्रांत झाल्यावर परत आल्या तेव्हा बोटं बोंडांनी ओरखडलेली, आणि माझ्याकडे टाइप करताना चुरचुरतात म्हणून फुंकर घालायच्या.

यवतमाळच्या मुख्य ऑफिसचा नियम होता. चाळीस दिवस हजेरी भरली तरच परीक्षा. सुनीताचे भरले होते बावीस. परीक्षा हुकली की फी पुन्हा, वर्ष पुन्हा, आणि पुन्हा कोणाचा बाप पाठवतोय? सातही जणींचं शिक्षण तिथंच थांबणार हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मी सरांना म्हटलं, "रजिस्टरात भरून टाका ना सह्या. कोण बघतंय?" ते माझ्यावर असे खेकसले की मी चार दिवस बोलले नाही. "आली नाही ते आली असं म्या लिहू?" त्या आठवड्यात त्यांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. खडू तर ते चक्क खात होते.

रजिस्टरातल्या हजेऱ्या मोजून यादी काढायचा प्रोग्राम सरांनीच लिहिलेला. ऑफिसने त्याच महिन्यात पत्र पाठवलं की काही पोरं पंख्याच्या हवेसाठी रोज येऊन बसतात, त्यांचे जादा दिवस धरू नका, जास्तीत जास्त चाळीस दाखवा. सरांनी प्रोग्राम बदलला, यादी छापली, यवतमाळला पाठवली. परीक्षा झाली. सातही जणी बसल्या. कशा बसल्या, हे मी विचारलं नाही.

पेपर तपासून झाल्यावर ऑफिसचा एक तरुण साहेब आला. त्याने यादी टेबलावर पसरली. "ढोले, हे काय? चाळीसपैकी त्रेपन्न दिवस?"

सरांनी यादी डोळ्यांजवळ नेली. "जास्तीत जास्त चाळीस म्हणलं होतं ना सायेब तुमी. म्हणून मॅक्स लावलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. साहेब हसायला लागला. "अहो, म्हणजे चाळीस आणि त्रेपन्नमध्ये मोठा त्रेपन्न. तो तसाच राहिला. आणि ज्याचे बावीस, त्याचे झाले चाळीस. उलटंच केलंत तुम्ही सगळं."

"असं हाय का?" सर म्हणाले.

माझा संताप झाला. हा माणूस ही चूक करेल? मालकांना फळ्यापाशी उभं करणारा? मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. "मॅडम, पेन द्या जरा. सायेब सांगून राह्यले ते लिहून घेतो."

आणि ते बसले. साहेबाने पोराला समजवावं तसं त्यांना मॅक्स आणि मिन समजावलं, दोन दोन उदाहरणं देऊन, आणि सर माझ्या पेनने ते वहीत उतरवत गेले. मधेच एक शंकाही विचारली, इतकी बावळट की साहेबाला त्यांची दया आली. शेवटी तो म्हणाला, "लबाडी असती तर सगळ्या सेंटरचा निकाल अडवला असता. ही साधी चूक आहे, पोरांचा काय दोष? झाली ती परीक्षा राहू द्या. पण पुढच्या वर्षी प्रोग्रामिंग दुसऱ्या कोणाला द्या."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. "सर, तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"चूक झाली मॅडम."

"मग ते त्रेपन्न तरी का ठेवलंत? आधी मॅक्स, मग मिन लावलं असतं तर सगळ्यांचे बरोबर चाळीस आले असते. कोणाला पत्ता लागला नसता."

ते पुन्हा फिरायला लागले होते. "पत्ता लागला नसता तं ते लबाडी झाली असती. चूक कशी, दिसली पाह्यजे." मग खिडकीशी थांबून म्हणाले, "कोनाले सांगू नका. पोरींले तं नाहीच."

मी कोणाला सांगितलं नाही. पण साहेबाने मालकांना सांगितलं, मालकांनी मोठ्या आनंदाने गावभर केलं. ढोले सरांनाच मॅक्स-मिन कळत नाही, म्हणून पोरं जिन्यात खिदळायची. मला त्यांचे कान उपटावेसे वाटायचे. सरांकडे पुढच्या वर्षी चित्रं काढण्याचा वर्ग आला. पोरं माउसने घर आणि डोंगर काढायची.

निकाल लागल्यावर सुनीता पेढे घेऊन आली. सातही जणी पास होत्या. मला पेढा देऊन ती पलीकडे सरांच्या खोलीत गेली आणि तिथे घुटमळली. मग हळूच म्हणाली, "सर, राग नका येऊ देऊ. म्या आयकलं ते. तुमाले सांगू का एक?"

"सांग."

"कापूस वेचाले जातो ना आमी, तं कमरेले ओटी बांधतो. आता झाडाले कितीबी कापूस असू द्या, ओटीत मावन तेवढाच येते. आन् झाडालेच कमी असला तं तेवढाच येते, ओटी अर्धी राह्यते. म्हंजे झाड आन् ओटी, दोघांत जे लहान ते. जास्तीत जास्त म्हणलं का ओटी आठवाची सर. मंग चुकत नाही."

मी भिंतीच्या अलीकडे होते. मला डोळे पुसावे लागले, आणि त्याची लाज वाटली नाही. इतकी वर्षं घसा फोडून हा माणूस जे सांगत होता, ते ही पोरगी शेतात उभ्या उभ्या शिकून आली होती. आणि आता त्यालाच, त्याला येत नाही समजून, किती जपून सांगत होती.

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"समजलं नाही," सर म्हणाले. "पुन्हा सांग, बाई."